ज्वारीएवढा ठिपका

आमच्या छापखान्यात कोणी चित्र घेऊन आलं की रखमाजीमामा चित्राकडं बघायचेच नाहीत. ते गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून दाराबाहेरच्या रस्त्याकडं बघायचे आणि विचारायचे, "लावणार कुठं? बघणारा किती पावलांवर उभा ऱ्हाणार?"

गिऱ्हाईक गोंधळायचंच. लोक साईज ठरवून आलेले असायचे. कोणाला चार फूट हवं, कोणाला आठ. पावलं कोणीच मोजून आणलेली नसायची. मग मामा हातातलं चित्र तसंच परत द्यायचे आणि म्हणायचे, "मंग जावा, मोजून या. जागा बघितल्याबिगर साईज कशी सांगू? माप कुणाचं घेऊ, तुमचं?" शेठजी आतून कपाळाला हात लावायचे. गिऱ्हाईक चिडून जायचं, पण दुसऱ्या दिवशी पावलं मोजून परत यायचं. का यायचं, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

हे सगळं औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांतलं. औरंगपुऱ्याच्या एका बोळात आमचा छापखाना होता. शहर नुसतं वाढत सुटलं होतं. चिकलठाण्याला कंपन्या, वाळूजला कंपन्या, आणि प्रत्येक कंपनीला लेबल हवं, खोका हवा, कॅलेंडर हवं. दुसऱ्या बाजूला विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं. एकाच दोरीवर खोकल्याच्या औषधाचं लेबल आणि मोर्चाचं पत्रक शेजारी शेजारी वाळत असायचं. शेठजी दोन्ही छापायचे आणि दोन्हीबद्दल तोंड उघडायचे नाहीत.

अशात शेठजींनी कॉम्प्युटर घेतला, आणि तो चालवायला मला. मी लासूर स्टेशनची. रोज रेल्वेनं येऊन जाऊन करायची. वडिलांची तिथं धान्याची आडत. कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली अख्ख्या लासूरात मी एकटी, त्यामुळं डोकं नको तेवढं वर होतं. माझ्या खोलीला काच, दाराबाहेर चपला काढायची पाटी, आणि आत पंख्याखाली मी. बाकीचा छापखाना घामात.

मामा पहिल्या दिवशी आले ते चपला काढून, मान वाकवून, देवळात यावं तसे. वय पंचावन्नच्या पुढं. देवगाव रंगारीकडचे, धनगराच्या घरचे. विशीपर्यंत मेंढरं वळलेली, मग शहरात येऊन छापखान्यात शिरलेले. डोक्याला लाल पटका. गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्याला बांधलेलं भिंग, छपाई तपासायचं. दोरा त्यांनी स्वतःच कातलेला. जवळ आले की शेळीचा वास यायचा, कारण पडेगावला घराच्या मागं चार शेळ्या होत्या आणि पहाटे त्यांचं सगळं उरकूनच ते सायकल काढायचे.

"किती ठिपके म्हणायचे हिचे?" त्यांनी प्रिंटरकडं बोट केलं.

"एका इंचात तीनशे, मामा," मी म्हटलं. आवाजात रुबाब होताच.

त्यांनी मशीनमधून निघालेला एक कागद उचलला, त्यावर पट्टी ठेवली, भिंग डोळ्याला लावलं आणि सुईचं टोक फिरवत मोजायला लागले. तोंडानं पुटपुटणं चालू. मला हसू आवरेना. अर्धा तास गेला असेल. मशीनवरचा युनूसभाई दारातून डोकावून म्हणाला, "क्या मामा, बकऱ्यां गिन रहे क्या?" मामांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून. शेवटी भिंग खाली सोडलं आणि समाधानानं म्हणाले, "पंधरा विसा. बराबर हाय. एक बी कमी नाय."

वीस वीस करत मोजलं होतं त्यांनी सगळं. मेंढरं मोजायचे तसंच. माझ्या तीनशेवर त्यांचा विश्वास बसला तो त्या दिवशी, माझ्या सांगण्यावर नव्हे.

मामा होते आमचे कॅमेरामन. छापखान्यातला कॅमेरा म्हणजे खोलीभर मोठं धूड. चित्र समोर लावायचं, आतल्या अंधाऱ्या खोलीत फिल्म, आणि चित्र लहान-मोठं करून त्याचे ठिपके पाडायचे, कारण छापलेलं चित्र म्हणजे सगळा ठिपक्यांचाच खेळ. पण देवगावात बातमी अशी पोचली होती की रखमाजी कॅमेरामन झाला, म्हणजे सिनेमातच गेला. दर जत्रेला पोरं घेरायची. "मामा, हिरोइनीला लई जवळून बघितलं का वो?" मामा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "बघितली की. लई ठिपके हायेत." पोरं हळहळायची.

'क्लिअर' या शब्दाचा त्यांना भयंकर राग. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, एकदम क्लिअर पाहिजे. मामा विचारायचे, "क्लिअर कुणाला? माणसाला का माशीला?"

एकदा त्यांच्याच भागातले एक पाटील पोराच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. पत्रिकेवर नवरा-नवरीचे फोटो असणारच होते, पण त्या दोघांच्या वर स्वतःचा फोटो हवा, आणि त्यांच्यापेक्षा दुप्पट मोठा. जवळ काय, तर जुन्या पाससाठी काढलेला, शिक्का उमटलेला नखाएवढा फोटो. मी लगेच कॉम्प्युटरवर वाढवायला घेतला. मामा म्हणाले, "पाटील, करतो मोठा. माझं काय जातंय? पण तुमच्यासंगं ठिपके बी मोठे व्हतील. देवीचे वण पडल्यावानी तोंड दिसंल. व्याही म्हणतील, लग्नाच्या घरात ही देवीची साथ कुठनं आली?" पाटलांनी हात आपोआप गालावरून फिरवला. पत्रिका छापली तेव्हा पाटलांचा फोटो मूळ फोटोएवढाच होता, खाली कोपऱ्यात. लग्नात म्हणे सगळ्यांनी पाटलांच्या नम्रपणाचं कौतुक केलं. पाटील पुढची पाच वर्षं आमचंच गिऱ्हाईक.

आणि तो कंपनीचा मॅनेजर! जालना रोडवर लावायची मोठी जाहिरात. आठ कागद जोडून एक चित्र व्हायचं. मॅनेजर आला, कागदाला नाक लावलं आणि ओरडायलाच लागला. "काय हे? सगळे ठिपकेच ठिपके! हे प्रिंटिंग आहे?" शेठजी हात जोडायला लागले. मामांनी मॅनेजरचं मनगट धरलं, युनूसभाईला कागद दारात धरायला लावला आणि मॅनेजरला उलट्या पावलांनी बोळातून मागं न्यायला सुरुवात केली. "दहा... अकरा... नजर कागदावर ठिवा साहेब, माझ्याकडं नाय... अठरा..." बोळातली माणसं बाजूला होऊन बघायला लागली. मॅनेजरच्या गळ्यात टाय. एकतीस पावलांवर तो चहाच्या गाड्याला धडकला आणि चहावाल्याच्या हातातला ग्लास त्याच्या पाठीवर सांडला. पण मॅनेजरचं लक्षच नव्हतं. तो बोळाच्या त्या टोकाला उभा राहून म्हणाला, "अरे! दिसतंय की!"

"रस्त्यावरनं गाडीत बसून बघणार ना मानसं? का जाहिरातीला चिकटून उभी ऱ्हाणार?" मामांनी विचारलं, आणि चहावाल्याच्या ग्लासात उरलेल्या चहातला घोट बशीत ओतून घेतला.

हा एक भारी वाईट गुण होता त्यांचा. दुसऱ्याच्या चहात बशी घालायची. आणि हट्टी तर असे की विचारू नका. कॅमेऱ्याला दुसऱ्यानं हात लावलेला चालायचा नाही, चूक दाखवली की दोन-दोन दिवस अबोला. माझ्याशी तर आठवड्यातून एकदा वाजायचंच. मी म्हणायची, मामा, आता कॉम्प्युटरवर कितीही मोठं करता येतं, एक बटण दाबलं की झालं. ते म्हणायचे, "बटन दाबून शेळी मोठी कर बघू." 

पुढं जे घडलं त्यात चूक माझी होती, ती सांगूनच टाकते.

नामांतराचा निर्णय झाल्याची बातमी आली. सोळा-सतरा वर्षं ज्यासाठी माणसं चालली, मार खाल्ले, घरं जळलेली बघितली, ते झालं. लोकांनी जमून विद्यापीठाच्या कमानीकडं जायचं ठरवलं. त्या आठवड्यात सकाळच्या गाडीत माझ्यासमोर कौसाबाई येऊन बसली. कौसाबाई म्हणजे काशिनाथ हमालाची बायको. काशिनाथ आमच्या आडतीवर पोती उचलायचा. मी त्याला काशिनाथदादा म्हणायची. दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं तो गेला होता.

कौसाबाईच्या तोंडावर नुसता आनंद. "झालं, शोभाताई! नाव झालं!" मग पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो काढला. मोर्चाचा. कोणीतरी रस्त्याच्या कडेनं काढलेला. सात-आठ माणसं चाललेली, त्यात मागच्या बाजूला काशिनाथदादा, माझ्या बोटाच्या एका पेराएवढा.

"मालकाचा ह्यो एकच फोटू हाय बघा. दर मोर्चावरनं आले की म्हनायचे, कौसे, पाटी बदलली ना, की तुला कमानीखालनं नेतो. मिरवत नेतो. लई वर्षं म्हनले. आता पाटी बदलली आन् तेच नायत." ती हसली. "म्हनून म्या ठरीवलं. आता मीच त्यास्नी नेते. तुमच्या त्या मशीनवर मोठा करता यील ना?"

माझ्यातली कोर्सवाली जागी झाली. "मोठा? दहा फूट करून देते, कौसाबाई! नुसता चेहरा! लांबून दिसला पाहिजे सगळ्यांना!"

अख्ख्या डब्यासमोर मी हे बोलले. मामांना विचारलंसुद्धा नाही.

फोटो स्कॅनरवर ठेवला, काशिनाथदादाचा चेहरा तेवढा कापून पडद्यावर मोठा केला. चेहरा म्हणून काही उरलंच नव्हतं. काळे-पांढरे चौकोन. पण मागं हटेल ती शोभा कसली! मी तीन दिवस बसून माऊसनं एकेक चौकोन भरला. डोळे केले. नाक केलं. भरघोस मिशी केली. कडा गुळगुळीत केल्या. सगळा छापखाना बघायला आला. शेठजी वा वा म्हणाले. मामा मात्र पडद्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मिशी कुठनं आणली?"

"असेलच की, मामा. मी रोज बघितलंय त्यांना."

मामा कॅमेऱ्याच्या खोलीत गेले.

कौसाबाई आली. मी मोठ्या ऐटीत नमुना तिच्यासमोर धरला. तिनं नीट बघितलं, मान हलवली आणि मनापासून म्हणाली, "लई झ्याक काढलंय, ताई. कुनाचंय?"

मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मी चाचरत सांगितलं कुणाचं ते. तिनं पुन्हा बघितलं. तिला माझंच वाईट वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "आमच्या मालकाला मिशी नव्हती, ताई," ती हळूच म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी वडिलांना विचारलं, "दादा, काशिनाथदादाला मिशी होती का हो?" वडिलांनी वही बाजूला ठेवली, बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "होती बहुतेक." वीस वर्षं तो माणूस आमच्या दारात पोती उतरवत होता. आम्हा दोघांनाही त्याचं तोंड माहीत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला धुतलं. ओरडले नाहीत, पण धुतलं. "पोरी, फोटूत जेवढं हाय तेवढंच मोठं व्हतं. नाय ते मोठं करायला गेलीस की दुसराच मानूस उभा ऱ्हातो. त्या बाईला तिचा नवरा पायजे, तुझा नकोय." मग म्हणाले, "बोलीव तिला. आन् काय बी सांगू नको, म्या इचारतो."

कौसाबाई पुन्हा आली. बिचारीला वाटलं आता काही व्हायचं नाही. फोटो परत न्यायलाच आली होती. कमानीकडं जायला आठ दिवस उरले होते. मामांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसले.

"बाई, येक सांगा. बाजारच्या गर्दीत तुमचे मालक कशावरनं वळखू यायचे? तोंडावरनं?"

"तोंड कुठं दिसायचं वो? पोत्याखाली असायचं." ती विचार करायला लागली. "खांद्यावरनं. डावा खांदा खाली, मान अशी उजव्या अंगाला. पाठीवर पोतं नसलं तरी पोतं असल्यागत चालायचे. वेशीपाशी तो खांदा दिसला ना, की म्या तवा टाकायची चुलीवर. दारात येऊस्तोर पयली भाकर व्हायची."

मामांनी मांडीवर थाप मारली. "गावलं! पोरी, माळाच्या पल्याड कळप असला तर कुठल्या मेंढराचं तोंड दिसतं का? तरी आमची आई सांगायची, ती लंगडी आली, ती कान पडकी आली. चालीवरनं! तू नाक-डोळं करत बसली. सगळा उभा मानूस घ्यायचा, आन् आसा चालता!"

मग ते उठले. "किती उंच हुते?"

कौसाबाई उभी राहिली आणि क्षणाचाही विचार न करता हात आपल्या डोक्यावर चार बोटं धरला. मामांनी मोजायच्या टेपची गुंडाळी सोडून जमिनीपासून तिच्या तळव्यापर्यंत मोजलं. साडेपाच फुटाला अर्धा इंच कमी.

"तेवढाच करायचा."

"दहा फूट नाय?" कौसाबाईचं तोंड थोडं उतरलं.

"दहा फुटाचा मानूस तुमच्याबराबर चालंल का, बाई? तुम्हाला त्यास्नी कमानीखालनं न्यायचंय. मंग ते तुमच्या खांद्याला खांदा लावूनच बरं."

 कौसाबाई पदर तोंडाला लावून जोरजोरात मान हलवत राहिली.

साईज ठरली, ठिपका राहिला. मामा सायकल घेऊन कमानीपाशी गेले आणि कमानीजवळच्या मोकळ्या जागेपासून रस्त्याच्या पलीकडपर्यंत मोजून आले. चाळीस पावलं. मग आम्ही नुसत्या डोक्या-खांद्याचे तीन नमुने काढले. एकात ठिपका मोहरीएवढा, दुसऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा, तिसऱ्यात हरभऱ्याएवढा. तिन्ही बोळाच्या भिंतीला डकवले आणि मामांनी कौसाबाईला मागं न्यायला सुरुवात केली. या वेळी मनगट धरलं नाही. दोन हात अंतर ठेवून, "या, या, भिऊ नगा, मागं काय नाय," करत. चहावाल्यानं गाडा आधीच ओढून घेतला होता.

मोहरीच्या चित्रात नुसतं धुकं होतं. जवळूनही धुकं, लांबूनही धुकं. मूळ फोटोत तेवढं बारीक काही नव्हतंच, मग मोहरीएवढे ठिपके पाडून त्यात भरणार काय? हरभऱ्याच्या चित्रात बोळ संपला तरी ठिपके ते ठिपकेच. कौसाबाईनं दोन्हींना नकार दिला. ज्वारीच्या चित्रासमोर ती मागं सरकत गेली, पंधरा, वीस, पंचवीस. अठ्ठाविसाव्या पावलाला थांबली.  मग एकदम लहान पोरीसारखी ओरडली, "आले! आले वो मालक!"

अख्खा बोळ बघत होता. युनूसभाई मशीन बंद करून दारात आला होता. "माशाल्ला," तो म्हणाला आणि डोळे पुसत परत आत गेला. मी सरळ रडले. सांगायला कसली लाज.

त्याच दिवसांत मामांचा एक चुलतभाऊ गावाकडून आला होता. दारातच मामांना म्हणाला, "रखमाजी, तू कशाला ह्या भानगडीत पडतो? गावात बोलत्यात." तेव्हा असं बोलणारी माणसं पुष्कळ होती, आमच्या घरातसुद्धा. मामा छपाईची प्लेट धूत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या बाईला तिचा नवरा न्यायचाय कमानीखालनं. तुला काय आडचन हाय? तू नेणारेस का?" चुलतभाऊ चहा न घेताच गेला. मामांना त्याचं वाईट वाटलं, मला माहीत आहे. दुपारभर कोणाच्याच चहात त्यांनी बशी घातली नाही.

चार मोठे कागद, एकाखाली एक. खाली रस्ता, वर थोडं आभाळ, मध्ये काशिनाथदादा, चालता, डावा खांदा उतरलेला, हातात झेंड्याची काठी. मोर्चातली बाकीची माणसं दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी येत होती. मी ती पुसू का विचारलं. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. येकटा कुठं गेला हुता तो?" प्लायवूडवर कागद चिकटवले तेव्हा मामांनी स्वतः तळव्यानं एकेक जोड दाबला.

त्यानंतर पंधरा दिवसांत मला वाळूजच्या एका कंपनीत नोकरी लागली. मामा उन्हाळ्यात काम सोडून देवगावला गेले. भेटायला जायचं जायचं म्हणत राहून गेलं, आणि मग एक दिवस ते गेल्याचंच कळलं. त्यामुळं माझ्याकडं मामा शेवटचे उरलेत ते कमानीपाशी, त्या दिवशीचे.

रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, निळा गुलाल, ढोल, पोरंबाळं, म्हाताऱ्या. कौसाबाईच्या दोन्ही मुलांनी हातगाडीवरून प्लायवूड आणलं आणि कमानीजवळच्या मोकळ्या जागेत उभं धरलं. कौसाबाई नवं लुगडं नेसून शेजारी उभी. जवळून जाणारे लोक वळून बघायचे, ज्वारी पसरल्यासारखे ठिपके दिसायचे आणि न कळून पुढं जायचे. एक बाई तर म्हणाली, ह्यांचं छापायचं राहिलंय वाटतं. मी घाईनं मामांना शोधलं. मामा रस्त्याच्या पलीकडं, चाळीस पावलांवर, भिंतीला टेकून उभे होते. चित्राकडं त्यांची नजरच नव्हती. येणाऱ्या माणसांची तोंडं बघत होते.

तेवढ्यात त्यांच्याच शेजारून एक म्हातारा, टोपी तिरकी, लासूरच्या बाजारातलाच जुना हमाल असावा, चालता चालता थांबला. कपाळावर आडवा हात धरला. आणि एवढ्या ढोलांच्या वर आवाज काढून ओरडला, "ए काश्या! आरं, थांब की लेका! येकटाच कुठं चालला?"

आणि निघालाच तो, माणसांना कोपरानं बाजूला सारत. अर्ध्या रस्त्यात त्याची पावलं हळू झाली. त्याला आठवलं असावं. प्लायवूडपाशी पोचला तेव्हा समोर नुसते ठिपके. त्यानं टोपी काढली.

कौसाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती हसत होती. "थांबलेत वो भाऊजी. तुमच्यासाठीच थांबलेत. चला, आता संगंच जाऊ."

म्हाताऱ्यानं टोपी खिशात कोंबली आणि प्लायवूडच्या एका कोपऱ्याला खांदा दिला. दोन कोपरे मुलांनी धरले. चौथा मी धरायला गेले, तेवढ्यात पलीकडून मामा पटका सावरत धावत आले. "हळू, हळू, कागद घासंल!" म्हणत त्यांनी मला बाजूला सारलं आणि कोपरा स्वतः घेतला. चौघांनी काशिनाथदादाला उभंच उचललं. कौसामावशी पुढं झाली. हो, मावशी. त्या दिवसापासून तिला बाई म्हणवलं नाही माझ्याच्यानं. गुलालात न्हालेली ती पुढं चालत होती आणि दर दोन पावलांनी मागं वळून हात हलवत नवऱ्याला सांगत होती, "या, या. आली बघा कमान. या."

आणि मागचा कोपरा धरलेले रखमाजीमामा, पटका सुटून खांद्यावर आलेला, मोठ्यानं उत्तर देत होते, "आलो, आलो की! चल तू म्होरं, कौसे!"